सीएसआर फंडरशी नातं बिघडू न देता स्पष्ट कसं बोलायचं? (नाशिक, छोटी संस्था)

पेठ_सुरगाणा_रूट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमची छोटी संस्था आहे, ऑफिस पंचवटीत दोन खोल्यांचं आणि काम सगळं सुरगाणा आणि पेठच्या पाड्यांवर. गरोदर बायांची तपासणी, लहान मुलांचं वजन-उंची, परसबाग असं चालतं. फील्डवरच्या ताई त्याच गावांतल्या आहेत. गेली काही वर्षं एका कंपनीचा सीएसआर फंड (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामासाठी द्यायचे पैसे) मिळतोय, नाव नको. पैसे बरे देतात, माणसंही वाईट नाहीत, पण आता असं झालंय की त्यांचा फोन वाजला की ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघतात, कोण उचलणार म्हणून.

सगळ्यात मोठं दुखणं वेळेचं. एमओयूवर (कंपनीशी होणाऱ्या करारावर) सह्या होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो, पहिला हप्ता येतो नोव्हेंबरात, आणि ३१ मार्चच्या आत सगळा खर्च करून यूसी, म्हणजे पैसे वापरल्याचा दाखला, द्या म्हणतात. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघून जातो, पोरंबाळं बरोबर घेऊन. घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. वजन कुणाचं घ्यायचं? खरी गरज असते ती पावसात. भाताच्या आवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात, घरातली नागली संपत आलेली, तान्ही मुलं मोठ्या बहिणीकडे. नेमकं तेव्हा आमच्या खात्यात काही नसतं आणि ताईंचं मानधन थकतं. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत पण आपल्यालाच तोंड दाखवायला लाज वाटते.

दुसरं, नवीन मॅनेजर आल्यापासून दर आठवड्याला जिओटॅग केलेले (कुठे काढले ते ठिकाण नोंदलेले) फोटो अ‍ॅपवर टाकायचे. पाड्यावर रेंजच नाही. एक ताई संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या वरच्या टेपावर (टेकाडावर) जाऊन उभी राहते, अर्धे फोटो चढतात अर्धे अडकतात, आणि सोमवारी आम्हाला मेल येतो की अमुक पाड्याचा डेटा अपूर्ण.

तिसरं म्हणजे ओव्हरहेड, म्हणजे ऑफिस चालवायचा खर्च. ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायदाच आहे म्हणतात. ५ टक्क्यांत अकाउंटंटचा पगारही निघत नाही, भाडं आणि ऑडिट फी तर लांबच. ओळखीच्या एका संस्थेने सुचवलं की अकाउंटंट "प्रशिक्षण साहित्य" मध्ये बसवून टाका, सगळे तसंच करतात. मला ते करायचं नाहीये.

पुढच्या महिन्यात रिन्यूअलची मीटिंग आहे. हे सगळं बोलायचं की गप्प बसायचं? जास्त बोललो तर दुसरीकडे देतील, रांगेत बऱ्याच संस्था उभ्या आहेत.

जुना_कार्यकर्ता

ताई, खरं सांगू का, गप्प बसा. कडू वाटेल पण या क्षेत्रात केस पांढरे झालेत. "पार्टनर" वगैरे शब्द बॅनरवर छापायला असतात, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली हे काही बदलत नाही. एकदा एका पाहुण्यांच्या टीमसाठी आश्रमशाळेतल्या पोरी सकाळी नऊपासून ओळीत बसवलेल्या, स्वागतगीत, नारळ, शाली, सगळं तयार. गाड्या आल्या दुपारी दोनला. पंचवीस मिनिटं थांबले, त्यातली दहा बॅनर सरळ लावण्यात गेली. मग रिपोर्टमध्ये "समुदायाशी संवाद". पोरींचं जेवण राहिलं ते कुणाच्याच रिपोर्टमध्ये नाही.

आणि एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. पूर्वी मुंबई-पुण्यातल्या मोठ्या संस्था परदेशी निधी घ्यायच्या आणि त्यातला थोडा आपल्यासारख्या तालुक्यातल्या संस्थांना द्यायच्या. त्यात चार गोष्टी शिकवायच्याही, हिशेब कसा ठेवायचा वगैरे. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि असा निधी पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पण ५० टक्क्यांवरून २० वर आणली. म्हणजे छोट्यांना आता थेट सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या दारातच उभं राहावं लागतं. रांग वाढली, रांग वाढली की बोलायची ताकद कमी. हे साधं गणित आहे.

आकडेमोड_नाशिक

मी ट्रस्टची ऑडिट करतो, त्यामुळे भावना बाजूला ठेवून ५ टक्क्यांवर लिहितो कारण हा गैरसमज इतका पसरलाय की कंपनीवालेही मनापासून खरा मानतात.

सीएसआर म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले, त्यात ती ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती कुणाच्या खर्चावर? कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर, कंपनीच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्के. त्यांच्या सीएसआर डिपार्टमेंटचे पगार, प्रवास वगैरे. व्याख्येतच लिहिलंय की एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यावर थेट झालेला खर्च यात धरायचा नाही. तुमच्या फील्डच्या ताई, त्यांचा पेट्रोल-प्रवास, प्रकल्प समन्वयक, डेटा भरणारा मुलगा हा सरळ सरळ प्रकल्पाचा खर्च आहे. तुमच्यावर ५ टक्के लावा असं नियमात कुठे नाही. कंपनीने स्वतःची पॉलिसी म्हणून लावलं असेल तर तो त्यांचा अधिकार, पण मग "कायदा आहे" म्हणू नये, पॉलिसी आहे म्हणावं. पॉलिसीवर बोलता येतं.

आता अकाउंटंट. आख्खा पगार एका प्रकल्पावर टाकू नका, तेही चुकीचंच. तो महिन्यातले किती दिवस या प्रकल्पाच्या व्हाउचरवर बसतो ते टाइमशीटवर ठेवा आणि तेवढा हिस्सा "प्रकल्प लेखा व अहवाल" म्हणून उघड बजेटमध्ये दाखवा. भाडं, इंटरनेट, ऑडिट फी यांचंही तसंच, कुठल्या आधारावर वाटलं ती एक ओळ खाली लिहा. "प्रशिक्षण साहित्य" मध्ये लपवायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना माझा नमस्कार सांगा. साहित्य म्हटलं की बिल लागतं, स्टॉक रजिस्टर लागतं, कोण शिकलं त्याच्या सह्या लागतात. एक खोटं झाकायला तीन कागद खोटे करावे लागतात, आणि एखाद्या ऑडिटमध्ये ते सापडलं की तुमचं खरं कामही संशयात.

वर पुढच्या वर्षी कंपनी म्हणणार, मागच्या वर्षी तर ओव्हरहेड ५ टक्क्यांत भागलं होतं ना! म्हणजे तुम्हीच सिद्ध करून दिलं की भागतं. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले होते तेव्हा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला. कामानुसार बदलतो. एका खोलीत शिवणक्लास चालवणं आणि सुरगाण्याच्या पंधरा पाड्यांवर फिरणं याला एकच टक्का कसा लागेल.

अंबडवाला

मी तुमच्या फोनच्या पलीकडे बसणारा माणूस आहे, म्हणजे तुमच्या कंपनीत नाही पण तेच काम करतो. शिव्या घालायच्या आधी आमची बाजू ऐका.

पैसे उशिरा का येतात? आधी आकडे फायनल होतात, मग २ टक्के किती ते कळतं, मग सीएसआर कमिटी वार्षिक आराखडा करते, बोर्ड मंजूर करतं, त्यात एखादा डायरेक्टर बाहेरगावी असला की मीटिंग पुढे. मग लीगल एमओयू वाचतं, तिथे एक महिना. मग व्हेंडर कोड, म्हणजे पैसे द्यायला लागणारा पुरवठादाराचा नंबर. हो, तुम्ही आमच्या सिस्टममध्ये "व्हेंडर" असता, बोल्ट पुरवणाऱ्याच्या शेजारी. व्हेंडर कोडसाठी मी स्वतः तीन डिपार्टमेंटला चकरा मारतो.

यूसीसाठी मागे का लागतो? कारण पैसे तुमच्या खात्यात टाकले म्हणजे सीएसआर झालं असं धरत नाहीत, ते प्रत्यक्ष खर्च व्हायला लागतात, आणि मंजूर कामासाठीच वापरले गेले असं आमच्या सीएफओला (वित्त प्रमुखाला) लिहून सर्टिफाय करावं लागतं. २०२१ नंतर हे फारच कडक झालं. तो माझ्या डोक्यावर बसतो, मी तुमच्या.

पण ते दर आठवड्याचे जिओटॅग फोटो कुठल्या नियमात नाहीत हो! ते आमच्यापैकीच कुणीतरी प्रेझेंटेशनमध्ये डॅशबोर्ड दाखवायला सुरू केलेलं असतं आणि मग बंद करायला कुणी सांगत नाही म्हणून चालू राहतं. गंमत म्हणजे ते फोटो मीही सगळे बघत नाही. तुमच्या मॅनेजरला सरळ विचारा, "हे फोटो कोण बघतं आणि त्यावर काय ठरतं?" उत्तर आलं नाही तर समजा ते महिन्यावर आणता येईल. चिडून नका विचारू, खरंच माहिती हवी म्हणून विचारा. आणि त्याला एकदा पाड्यावर न्या. ढोल-नारळवाली व्हिजिट नको, वजनाच्या दिवशी न्या, त्या ताईबरोबर टेपावर चढू द्या फोन हातात घेऊन. कुणी पाड्यावर येऊन घाम गाळला की दुसऱ्या दिवशी मेलची भाषा बदलते हे मी स्वतःवरून सांगतो.

एक तक्रार आमचीही आहे. संस्था वाईट बातमी सांगतच नाहीत. ताईने काम सोडलं, दोन पाड्यांवर काम बंद पडलं, हे आम्हाला जानेवारीच्या रिपोर्टमध्ये "काही अडचणींमुळे" या दोन शब्दांत कळतं. सप्टेंबरात फोन केला असता तर मी बजेट हेड (खर्चाचा प्रकार) बदलून घेतला असता, फेब्रुवारीत बोर्डाकडे गेलो की मीच मूर्ख दिसतो.

जुना_कार्यकर्ता

वाईट बातमी सांगायची हिंमत तेव्हा होते जेव्हा पुढच्या वर्षीचे पैसे त्या बातमीवर अवलंबून नसतात. तुमचा पगार एक तारखेला होतो साहेब.

अंबडवाला

हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पेठ_सुरगाणा_रूट

खूप आभार सगळ्यांचे. ५ टक्क्यांचं वाचून मी आणि आमचे समन्वयक दोघं दहा मिनिटं गप्पच बसलो होतो. @आकडेमोड_नाशिक, एक विचारते, ३१ मार्चचं काय? पावसाळ्यात पैसे वापरता येतील असं काही कायद्यात बसतं का, की तिथे हात बांधलेले आहेत? कारण नोव्हेंबर ते मार्च या चार-पाच महिन्यांत पैसे संपवायचे म्हणून आम्ही उन्हाळ्यापूर्वीच वजनकाटे, भांडी, बियाणं असलं सामान भरतो, आणि पावसात ताईला द्यायला पैसे नाहीत. सामान भरपूर, माणूस नाही.

आकडेमोड_नाशिक

बसतं. नियमात "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून प्रकार आहे. ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालू शकतो. बोर्डाने तसा मंजूर केला असेल तर ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम कंपनीने ३० दिवसांच्या आत, म्हणजे एप्रिलअखेर, "अनस्पेंट सीएसआर अकाउंट" या वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरायची. म्हणजे मार्चला राहिलेले पैसे जून-जुलैत तुमच्या ताईला मिळायला कायद्याची आडकाठी नाही. प्रकल्प ऑनगोइंग नसेल तर मात्र न खर्चलेले पैसे सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या फंडात, पीएम केअर्स वगैरे, भरावे लागतात. त्याचीच भीती कंपन्यांना असते म्हणून ते मार्चला घाई करतात.

तेव्हा मीटिंगमध्ये पहिला प्रश्न रकमेचा नको. पहिला प्रश्न हा की आमचा प्रकल्प ऑनगोइंग म्हणून बोर्डापुढे जाणार का. कुपोषणाचं काम एका वर्षात संपत नाही हे पटवायला फार भाषण लागत नाही. बोर्ड हे मधल्या वर्षातही करू शकतं, एक वर्षाचा म्हणून मंजूर झालेला प्रकल्प योग्य कारण असेल तर पुढे वाढवता येतो. आणि कंपनीला एप्रिल-मेमध्ये जुन्या वर्षाच्या पैशातून हप्ता देता आला तर व्हेंडर कोडची आणि लीगलची रडारड नवीन वर्षाच्या पैशापुरतीच राहते.

कॉलेजरोड_कट्टा

उशिरा येतोय धाग्यावर. आमच्या घरचा छोटा ट्रस्ट आहे, वडिलांच्या नावाने, फार पैसा नाही. त्यामुळे मी देणाऱ्यांतला आहे पण कंपनी नाही. आम्ही दोन-तीन संस्थांना वर्षाला ठराविक रक्कम देतो आणि कशावर खर्च करा हे सांगत नाही. आमच्या काकांना सुरुवातीला झोप यायची नाही, "मग त्यांनी ऑफिसला एसी लावला तर?" म्हणून. लावला नाही. लावला असता तरी एप्रिलमध्ये नाशिकला बसून बघा एकदा.

जगात मोठ्या प्रमाणावरही हे झालंय. अमेरिकेतल्या अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट बाईंनी २०२० पासून शेकडो संस्थांना बिनअटीचे पैसे दिले, लांबलचक प्रपोजल न मागता. आपल्याकडे २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशनने ग्रो फंड काढला, शंभर तळागाळातल्या संस्थांना शंभर कोटी, आणि ते पैसे संस्था उभी राहायला होते, म्हणजे माणसं, सिस्टम, हिशेब, ज्याला एरवी कुणी हात लावत नाही ते. पण @अंबडवाला यांना विचारायचंय, कंपनीच्या सीएसआरमध्ये असं बिनअटीचं बसत नाही ना? कारण तुम्हाला प्रकल्पच दाखवावा लागतो.

म्हणून मला वाटतं @पेठ_सुरगाणा_रूट यांनी सगळा भार एका कंपनीवर टाकू नये. अकाउंटंट आणि ऑफिस यांचा उरलेला हिस्सा आमच्यासारख्या कुणाकडून किंवा ८०जीवर (देणगीवर करसवलत देणाऱ्या नोंदणीवर) छोट्या देणगीदारांकडून काढा. गंगापूर रोड-इंदिरानगरला मुलं अमेरिकेत असलेली किती घरं आहेत, भारतातल्या खात्यातून वर्षाला दहा हजार सहज देतील, त्यांना कुणी विचारत नाही. (परदेशी पासपोर्टवाल्यांकडून मात्र एफसीआरएशिवाय घेऊ नका हां, तिथे फसाल.) दुसरा देणारा असला की पहिल्याशी बोलताना आवाज आपोआप सरळ येतो. जुना_कार्यकर्ता म्हणतात ते रांगेचं गणित बरोबर आहे, पण ते एकाच खिडकीसमोर उभं राहिलं तर.

अंबडवाला

बरोबर, पूर्ण बिनअटीचं बसत नाही, आम्हाला प्रकल्प लागतो. पण प्रकल्पाच्या आत मोकळीक देता येते. आम्ही हल्ली एमओयूत एक ओळ टाकतो, की एका हेडवरून दुसऱ्या हेडवर १५ टक्क्यांपर्यंत रक्कम संस्था स्वतः हलवू शकते, फक्त कळवायचं, परवानगी नको. लीगलने एकदा विचारलं का, मग सोडून दिलं. तुम्हीच ती ओळ मसुद्यात लिहून पाठवा. आमच्याकडे मसुदा दुसऱ्याने लिहिलेला आला की तो निम्मा तसाच पास होतो, कुणाला नवीन लिहायचं नसतं.

आणि हप्ते कॅलेंडरवर बांधून मागा. पत्रात एक पान जोडा, तुमच्या पाड्याचं वर्ष कसं असतं, कधी आवणी, कधी लोक द्राक्षाला जातात, कधी परत येतात, त्याच्या खाली तुमचा खर्च. आमच्या कमिटीत निम्मे लोक पुण्या-मुंबईचे आहेत, त्यांना फेब्रुवारीत पाडा रिकामा असतो हे माहीतच नाही. त्यांना वाटतं तुम्ही टाळाटाळ करताय.

हेही बघून ठेवा की तुमचा सीएसआर-१ नंबर (सीएसआर निधी घ्यायला लागणारी नोंदणी), १२एबी (संस्थेची आयकर नोंदणी), ८०जीची मुदत, दर्पण आयडी (नीती आयोगाच्या पोर्टलवरची नोंद) सगळं चालू आहे. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट टाकलाय का तेही. मीटिंगमध्ये तुम्ही ठामपणे बोलायला लागलात आणि कुणीतरी म्हटलं "तुमची ८०जी तर संपलीये" की संपलं मग.

जुना_कार्यकर्ता

वरचं सगळं वाचलं. माझं मत फार बदललं नाही पण ते एक पान जोडायची आयडिया चांगली आहे, ते करा. आणि मीटिंगला एकट्या जाऊ नका ताई, फील्डच्या एका ताईला बरोबर न्या. तिला बोलू द्या आवणीबद्दल. आपण बोललो की ते मागणी वाटते, ती बोलली की माहिती वाटते.

पेठ_सुरगाणा_रूट

नेते. टेपावर चढणारीलाच नेते 😄 कॅलेंडरचं पान आज रात्री करायला घेतलंय. समन्वयक म्हणतात पंधरा टक्क्यांची ओळ आधी मीटिंगमध्ये तोंडी बोलू, मला वाटतं लिहून आधीच पाठवू. आणि आधीच्या वर्षी आमचा प्रकल्प बोर्डाने एक वर्षाचा धरला की ऑनगोइंग, हे कंपनीला न विचारता कळेल का? विचारलं तर उगाच शंका यायची.

आकडेमोड_नाशिक

कळेल. बोर्डाने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प कंपनीने वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे, कमिटीची नावं आणि सीएसआर पॉलिसी पण तिथेच असते. शिवाय वार्षिक अहवालाला सीएसआरची जोडपत्रं असतात, त्यात कोणते प्रकल्प ऑनगोइंग, किती खर्च झाले, किती राहिले ते येतं. मागच्या वर्षीचा अहवाल उघडा आणि सुरगाणा शोधा. पॉलिसी उघडलीच आहे तर त्यात ५ टक्क्यांबद्दल काय लिहिलंय तेही वाचा, बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. लिखित मसुदा आधी पाठवा, समन्वयकांना सांगा.